सिस्टर, माझा मुलगा कितवा आला?

आदरणीय फादर मॅनेजर, सिस्टर मुख्याध्यापिका, शाळा समितीचे सभासद आणि पालक-शिक्षक संघातले सर्वजण,

स. न. वि. वि.

हे पत्र मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसात दिलं होतं. पोचही घेतली होती. उत्तर आलं नाही. जानेवारीच्या पालकसभेत विषय काढला, तर माइक पुढच्या पालकांकडे गेला आणि गणवेशाच्या कापडावर चर्चा सुरू झाली. मग क्रीडादिन झाला. त्या दिवशी जे पाहिलं, त्यानंतर पत्रात भर घालावी लागली आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं लागलं. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. बाराखडीपासून बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरच्या सहीपर्यंत माझं सगळं अक्षर तिथेच घडलं, तिची बदनामी मला करायची नाही. शिवाय वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आणखी काही शाळांत हेच घाटतंय असं कानावर आहे.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबरात शाळेच्या ॲपवर परिपत्रक आलं. यंदापासून क्रीडादिन 'आनंददिन' म्हणून साजरा होईल. शर्यतींना क्रमांक नाहीत, प्रत्येक मुलाला पदक. चार हाउसमधली (शाळेतल्या मुलांच्या चार गटांमधली) फिरती ढाल बंद. वक्तृत्व, नाट्यछटा, समूहगान आणि नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) ही सगळी 'सादरीकरणं', परीक्षक नाहीत. तालुक्याच्या कला क्रीडा महोत्सवाला शाळेचा संघ जाणार नाही. कारण एका ओळीचं : मुलांच्या मनावर येणारा ताण टाळण्यासाठी.

खरं कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी रिलेमध्ये आठवीतल्या एका मुलीच्या हातून बॅटन पडलं. ती रडली. तिचे वडील मैदानात उतरले, पीटीच्या सरांवर ओरडले, कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला. त्या व्हिडिओत मुलगी जेमतेम चार सेकंद दिसते. तोवर ती डोळे पुसून मैत्रिणींबरोबर सरबताच्या टेबलापाशी पोहोचली होती. ओरडत होते ते मोठे. आणि शिक्षा झाली शर्यतीला.

आता यंदाचा क्रीडादिन. सहावीची शंभर मीटर. शेवटी दोरी नव्हती, कागद-पेन घेऊन बसलेले सर नव्हते. रेषेपलीकडे दोन ताई पदकांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. जो येईल त्याच्या गळ्यात एक. पदकावर लिहिलेलं, 'तू खास आहेस'. माझा मुलगा धापा टाकत आला आणि म्हणाला, "टीचर, मी कितवा?" टीचर हसून म्हणाल्या, "सगळेच पहिले, बाळा." त्याने मागे वळून पाहिलं. अजून पाच मुलं धावत होती.

घरी आल्यावर त्याने पदक मोटारपंपाच्या किल्लीच्या खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या दिवशी त्याची फीत सोडून पतंगाला शेपटी लावली. शाळेतून मिळालेल्या वस्तूचं असं मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. माझं तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र आईने अजून पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलंय.

त्या प्रमाणपत्राचीच गोष्ट सांगते, कारण माझा या वादाशी संबंध तिथून सुरू होतो.

१९९२ साल, मी सातवीत. वक्तृत्वाचा विषय होता आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. पाठांतर महिनाभर. आई तेव्हा पहाटेच्या गाडीने दादरला फुलं विकायला जायची. त्या दिवशी तिने खाडा केला आणि हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, केसांत स्वतःच्याच टोपलीतला अबोलीचा गजरा माळून बसली. मी वसई किल्ल्यापासून सुरुवात केली, संतांना जहाजात बसवलं, जपानला पोहोचवलं आणि तिथे उभी राहिले. पुढे काही नाही. डोकं पाटीसारखं कोरं. परीक्षकांच्या टेबलावर पितळी घंटा असायची, चौथ्या मिनिटाला एकदा आणि पाचव्याला दोनदा वाजायची. मला ती घंटा दिसत होती, वरचा पंखा दिसत होता, आईचा गजरा दिसत होता. शब्द सोडून सगळं. घंटा वाजायच्या आधीच मी खाली उतरले.

तेव्हाच्या सिस्टर (आता त्या नाहीत) माझ्याजवळ आल्या. पाठीवर हात फिरवला नाही, की 'छान बोललीस' असं खोटंही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या गटाला घंटा वाजवायला कोणी नाही. बस इथे." आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं.

आठवी-नववीच्या गटात चौदा जण होते. मी घंटेवर हात ठेवून चौदाही जणांना अगदी समोरून पाहिलं. त्यातले सहा अडखळले. एक मुलगा तर माझ्यासारखाच मध्येच थांबला, मग म्हणाला, "माफ करा, एक परिच्छेद गाळून पुढे जातो," आणि गेला पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तासाभरापूर्वी मला वाटलं होतं की असं मध्येच थांबणारी जगात मी एकटी. टेबलामागून बघितल्यावर कळलं की थांबलेला माणूस बघणाऱ्याला तितका वाईट दिसत नाही, जितका तो स्वतःला दिसतो. घरी जाताना आईने एवढंच विचारलं, "भूक लागली का?" पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहिले आणि तिसरी आले. पहिली मी कधीच आले नाही.

आज पतपेढीत काम करते. कर्ज नाकारल्याचं माणसाला तोंडावर सांगणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. नाही म्हणून झाल्यावर त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, कुठला कागद कमी पडला ते सांगायचं. हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही. घंटेच्या टेबलामागे शिकले.

आता तक्रारी.

पहिली, आणि ती पटकन उरकते. निर्णय आम्हाला न विचारता घेतला गेला. पालक-शिक्षक संघाच्या कुठल्याही बैठकीत हा ठराव झाला असल्याचं मला कोणी दाखवलेलं नाही. मुलांना तर कोणी विचारलंच नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. तुम्ही स्पर्धा बंद केलेली नाही, फक्त शाळेच्या फाटकाबाहेर काढली आहे. क्रीडादिनानंतरच्या रविवारी, मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर, सहावी-सातवीच्या बारा-तेरा मुलांनी चर्चमागच्या वाडीच्या बांधावर आपली शर्यत लावली. एकाच्या मोबाइलवर स्टॉपवॉच, चिंचेच्या झाडापासून विहिरीपर्यंत. त्यांना हवं होतं ते त्यांनी मिळवलं : कोण कितवा. माझा मुलगा चौथा आला आणि खुशीत घरी आला. पण शेवटून पहिला आलेल्या मुलाला त्या दिवसापासून 'लूजर' हे नाव पडलं. तो पुढचे दोन रविवार धर्मशिक्षणाच्या वर्गाला आला नाही. त्याच्या आईने मला विचारलं तेव्हा कुठे हे उघड झालं. हीच शर्यत शाळेच्या मैदानात झाली असती, तर पीटीचे सर असते, हाउसचे कॅप्टन असते. शेवटून पहिल्यालाही आपल्या हाउसची मुलं ओढून रांगेत घेऊन गेली असती, कारण मोजणी हाउसची होती. बांधावर त्याच्या शेजारी उभं राहायला कोणीच नव्हतं. हार टाळायला म्हणून तुम्ही जे केलंत, त्यातून हार तशीच राहिली आणि शिक्षक तेवढे गळाले.

तिसरी. शाळेच्या फाटकावर आजही दहावीच्या पहिल्या पाच जणांचे फोटो असलेला फ्लेक्स आहे. टक्के दशांशासकट. बोर्डाने स्वतः गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच सोडलं, आपण ती फाटकावर लावतो. अ तुकडी आणि क तुकडी कशी पडते हे तिसरीतल्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे ज्या स्पर्धेत मुलं एकटी बसतात, महिनोन्‌महिने घुसमटतात आणि जिच्या निकालाने घरं हादरतात, ती चालू. आणि जी तेरा-चौदा सेकंदांत संपते, जिच्यानंतर लिंबूसरबत मिळतं, ती बंद. फादर, तुम्ही दर रविवारी व्यासपीठावरून सुसंगतीबद्दल बोलता. ही कुठली सुसंगती?

चौथी. माझ्या मुलाच्या पिढीला हरायची सवयच कुठे होणार आहे? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लहान मुलाला वर्गात मागे बसवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. आता राज्याने पाचवी-आठवीला परीक्षा परत आणली आहे, तरी नापास झालेल्याला फेरपरीक्षा आहेच. पण मग 'जमलं नाही' हे वाक्य मूल पहिल्यांदा कुठे ऐकणार? दहावीत? नीटच्या निकालात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. हा आकडा तुम्हाला घाबरवतो, मलाही घाबरवतो. शर्यत ठेवली की हे थांबेल असा भाबडा दावा मी करणार नाही, एवढ्या मोठ्या दुःखाला एक कारण नसतं. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही भीतीपोटी नेमकी तीच जागा बंद केलीत, जिथे हार छोटी होती, उघड्यावर होती आणि मोठ्यांच्या नजरेखाली होती.

पाचवी तक्रार मला सगळ्यात जास्त सलते. 'ख्रिस्ती मूल्यांना अनुसरून' असं परिपत्रकात लिहिलंय. म्हणजे स्पर्धा ख्रिस्ती नाही, असा अर्थ निघतो. सिस्टर, आपल्याच घरातली माणसं आपण विसरलो का?

१५९९ साली येशूसंघाने (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) आपल्या शाळांसाठी नियमावली पक्की केली, तिच्यात वर्गातल्या चुरशीला रीतसर जागा होती. वर्गाच्या दोन छावण्या करायच्या, पुष्कळ ठिकाणी एकीचं नाव रोम आणि दुसरीचं रोमचं जुनं वैरी शहर कार्थेज. प्रत्येक मुलाला समोरच्या छावणीत एक ठरलेला प्रतिस्पर्धी. एकाची चूक दुसऱ्याने धरायची. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गात छड्याही होत्या, त्यामुळे ती सगळीच नक्कल करा असं मी म्हणणार नाही. पण आपली चार हाउस आकाशातून पडलेली नाहीत, एवढं तरी लक्षात असू द्या.

किंवा संत जॉन बॉस्को घ्या, ज्यांची तसबीर तुमच्या ऑफिसात घड्याळाखाली आहे. शाळकरी वयात इटलीतल्या कियेरी गावात त्यांनी एका डोंबाऱ्याशी पैज लावली होती. धावणं, उडी, काठीचे खेळ, शेवटी झाडावर चढणं. डोंबारी एकेक पैज हरत गेला आणि जवळचे सगळे पैसे घालवून बसला. तेव्हा बॉस्को आणि त्याच्या मित्रांनी ते पैसे परत दिले. अट एकच, आम्हा सगळ्यांना जेवू घाल. हरलेल्याबरोबर एका टेबलावर जेवले. पुढे त्यांनी तुरीनमध्ये मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात शिक्षकाने सुट्टीतही मैदानात मुलांमध्ये असावं हा आग्रह होता. मुलांना खेळापासून दूर ठेवा असं ते म्हणाले नाहीत, तुम्ही मैदानात या असं म्हणाले.

आणि आपले गोन्सालो गार्सिया, ज्यांना मी जपानात अर्धवट सोडून आले होते. त्यांना येशूसंघात जायचं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी त्या फादरांबरोबर धर्मशिक्षकाचं काम केलं, जपानी भाषा इतकी आत्मसात केली की तिथल्या लोकांत मिसळून गेले. पण संघाने त्यांना घेतलं नाही. त्यांनी व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचे बंधू झाले आणि दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर त्यांना मरण आलं. १८६२ साली पोपनी त्यांना संतपद दिलं. नाकारला गेलेला हा वसईचा माणूस आपल्या चार हाउसपैकी एकाचं नाव आहे. हिरवं हाउस. मी हिरव्यातच होते. परिपत्रकात त्या हाउसची ढाल काढून घेताना कोणाच्या मनात हे आलं नसेल?

उपवासकाळात तुम्ही आमच्या मुलांना शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला नेता. प्रभूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची चौदा स्थानं. तिसरं, सातवं आणि नववं स्थान कोणतं? प्रभू पडला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आमची पोरं गुडघे टेकतात, उठतात आणि पुढच्या स्थानाकडे चालू लागतात. हे गाळून दहा-अकरा स्थानांची 'आनंदाची वाट' करावी असं अजून तरी कोणी सुचवलेलं नाही.

चर्चच्या बाहेरचं, मैदानातलं उदाहरण हवं असेल तर तेही कॅथलिक शाळेचंच देते. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, कांबळी ३४९, तेंडुलकर ३२६. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सांगून झाली आहे. पण त्या दोन दिवसांत चेंडू आणायला सीमारेषेकडे धावत कोण होतं? फोर्टच्या सेंट झेवियर्सची मुलं. येशूसंघीयांची शाळा. त्यांच्यातला एक पंधरा वर्षांचा लेगस्पिनर होता, २७ षटकं, १८२ धावा, बळी एकही नाही. सामना शाळांचा, पण आकडे कायमचे छापले गेले. आज पालकांच्या ग्रुपवर असं काही घडलं तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतंय : 'आमच्या मुलाला एवढी षटकं का दिली?', 'कोचवर कारवाई करा', 'सामना मध्येच थांबवायला हवा होता'.

त्या मुलाचं नाव साईराज बहुतुले. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, मोटारीच्या भीषण अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला. तो परत चालायला लागला, परत चेंडू टाकायला लागला, मुंबईसाठी वर्षानुवर्षं खेळला, प्रथम श्रेणीत ६३० बळी घेतले आणि २००१ मध्ये चेन्नईच्या कसोटीत भारताची टोपी घातली. ते १८२ नसते तर ६३० झाले नसते, असलं गणित मी मांडणार नाही. अशी गणितं भाषणात बरी वाटतात. पण त्या दिवशी कोणीतरी सत्ताविसाव्या षटकालाही त्याच्या हातात चेंडू दिला, काढून घेतला नाही, एवढं खरं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारं लिहिते. आपल्याकडच्या स्पर्धा जशा चालत होत्या तशाच चालू ठेवा, असं माझं म्हणणं नाही. नाताळच्या गोठ्याची स्पर्धा मुलांची कधीच राहिली नव्हती. वडील रात्री जागून थर्माकोल कापायचे, त्याच्या मखराला २०१८ पासून राज्यात बंदी असूनही तो कुठूनतरी यायचाच आणि बक्षीस घ्यायला तेवढं पोरगं पुढे. परीक्षकांत समितीतल्यांचे नातेवाईक बसायचे. समूहगानाला पहिलीपासून दहावीपर्यंत तीच बारा मुलं, बाकीच्यांनी ओठ हलवायचे. (माझ्या धाकट्या बहिणीला चक्क तसंच सांगितलं होतं. ती आज चर्चच्या कॉयरमध्ये गाते.) वर्गात एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याच्यासाठी आजवर एकही प्रकार नव्हता, तो दरवर्षी मंडपात पाहुण्यांना गुलाब द्यायला. आणि बक्षीस समारंभ दोन तास, त्यातला दीड तास पाहुण्यांच्या सत्काराचा, मुलं उन्हात. यातलं काहीही तुमच्या परिपत्रकाने सुधारलं नाही. गोठा यंदाही बापांनीच केला, फक्त परीक्षक आले नाहीत. सत्कार यंदाही झाले.

आणि हेही कबूल करते की काही मुलांना हार खरोखर झेपत नाही. माझ्याच वर्गातली एक मुलगी लंगडीच्या संघातून वगळल्यावर आठवडाभर शाळेत आली नव्हती. तेव्हा वर्गबाई तिच्या घरी गेल्या, ओटीवर बसून चहा प्यायल्या आणि तिला घेऊन आल्या. त्यासाठी लंगडी बंद करावी असं कोणाला सुचलं नव्हतं. आज एका वर्गात साठ मुलं आणि शिक्षकांना ॲपवर हजेरी, फोटो, अहवाल एवढं काम की ओटीवर बसायला वेळ कोणाला आहे, हे मला कळतं. खरी अडचण ती असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. शिक्षकांच्या मदतीला आम्ही पालक येऊ. पण आपल्याला वेळ नाही म्हणून मुलाला पडूच द्यायचं नाही, हा उपाय नव्हे.

माझ्या मागण्या सरळ आहेत. शर्यती, लांब उडी, लंगडी, कबड्डी, खो-खो यांना पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक परत द्या आणि हाउसची ढाल परत फिरू द्या. हवं तर पदकं फक्त तिघांना आणि हाउसचे गुण मात्र शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला. संत पौलाने आपली शर्यत पुरी केल्याचं लिहिलं आहे, पहिला आलो असं नाही. तेव्हा या पद्धतीला शास्त्राधारही आहे. पहिली-दुसरीच्या चिमुरड्यांना क्रमांक नकोत, तिथे मी तुमच्याबरोबर आहे. तिसरीपासून ठेवा.

वक्तृत्व आणि नाट्यछटेला बाहेरचे परीक्षक बोलवा, शाळेशी कसलंही नातं नसलेले. प्रत्येक मुलाला त्यांनी दोन ओळी लिहून द्याव्यात : काय जमलं, काय राहिलं. माझ्या वेळी हे नव्हतं, असायला हवं होतं. गोठा मुलांनी शाळेतच करावा, शनिवारी, चार तासांत, माती-गवत-बांबू वापरून. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी खऱ्या, गुण असलेल्या स्पर्धा ठेवा. गुलाब पाहुण्यांनी स्वतः घ्यावा. तालुक्याच्या महोत्सवाला पुढच्या डिसेंबरात संघ पाठवा. वसई तालुक्यातली बाकीची मुलं त्या मैदानात उतरणार आणि आपली पोरं घरी बसून स्टेटस बघणार, हे लाजिरवाणं आहे.

पालकांनी दोरीच्या आत यायचं नाही, हा नियम लेखी करा आणि पाळा. जो पालक शिक्षकावर किंवा मुलावर ओरडेल त्याला मैदानाबाहेर काढा, मग तो समितीचा असो की माझा नवरा. प्रत्येक हाउसला दोन शिक्षक असे नेमा ज्यांचं त्या दिवशी एकच काम, न जिंकलेल्यांकडे बघणं. आणि फाटकावरचा तो फ्लेक्स उतरवा. एवढी एक गोष्ट तर उद्या सकाळी होऊ शकते, शिडी आणि कात्री पुरे.

पुढच्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या (क्रमांक हा शब्द चालेल ना?) आणि उत्तर लेखी द्या. 'नाही' असेल तरी चालेल. कारणासहित नाही मिळालं तर मी ते वाचेन, पटलं तर गप्प बसेन, नाही पटलं तर पुन्हा लिहीन.

एक शेवटचं. गेल्या महिन्यात फी भरायला आले होते तेव्हा ऑफिसातलं काचेचं कपाट उघडं होतं. खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांमागे, ती पितळी घंटा दिसली. काळी पडली आहे, पण लोलक शाबूत आहे. वक्तृत्वाची तारीख ठरली की निरोप द्या. चिंच आणि राख घेऊन मी आदल्या दिवशी येते आणि घासून देते.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी, हिरवं हाउस,
आणि सहावी ब मधल्या एका मुलाची आई